कवळीची सवय

मेधाने उपम्याचा घास चावला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. फोडणीतली उडदाची डाळ कवळीखाली जाऊन बसली होती. खुर्ची मागे सारून ती उठली, सिंकपाशी गेली, सगळ्यांकडे पाठ करून वरची कवळी काढली आणि नळाखाली धरली.

"परत काढलीस?" प्रबोध टेबलावरून म्हणाला. "डॉक्टरांनी दिवसभर घालून ठेवायला सांगितलंय ना?"

"टोचतंय."

त्यातला 'च' नुसताच वारा होऊन बाहेर पडला. पंधरा वर्षांच्या इराने घाईघाईने फोनमध्ये डोकं घातलं.

"टोचणारच थोडे दिवस. सवय होईल."

"तुला कसं माहीत?"

"आईला विचार."

प्रबोधच्या आई, दमयंतीबाई, वर्षभरापूर्वी पुण्याहून त्यांच्याकडे सिंगापूरला, क्लेमेंटीत राहायला आल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या त्या वीसेक वर्षं वापरत होत्या. आत्ता त्यांच्यासमोर फक्त चहाचा कप होता. सगळ्यांचं झालं, भांडी आवरली, की मग त्या स्वयंपाकघरात एकट्या खायच्या. प्रबोधला त्याचं फार कौतुक होतं. आमची आई अजून सगळ्यांना वाढून मग जेवते, असं तो मित्रांना सांगायचा.

"होते गं सवय," दमयंतीबाई म्हणाल्या. "मला नाही झाली? जरा नेट लावून घालायची."

"ममा, जस्ट गिव्ह इट सम टाइम लाह," इरा इथल्या ढंगात, फोनमधून डोकं न काढता म्हणाली.

मेधाने कवळी परत बसवली. हिरडीच्या डाव्या कडेला, गाल सुरू होतो तिथे, ती बरोबर जुन्या जागी रुतली. उपम्याची बशी तिने तशीच कचऱ्यात उलटी केली.  

ती सत्तेचाळीस वर्षांची होती. हिरड्यांचा आजार तिच्या वडिलांना होता, तोच तिला झाला. औषधं झाली, हिरड्या खरवडून साफ करून घेणं झालं, तरी वरचे दात एकामागून एक हलायला लागले. त्यांच्या ब्लॉकखालच्या, म्हणजे इमारतीखालच्या, क्लिनिकमधल्या डॉक्टर लिम यांनी शेवटी सांगून टाकलं, की खालचे वाचतील, वरचे नाही वाचणार. उरलेले सगळे एकाच दिवशी काढले आणि त्याच खुर्चीत आधी करून ठेवलेली कवळी बसवली. बोळकं घेऊन तिला घरी यावं लागलं नाही. आरशात दात छान दिसत होते, आधीच्यापेक्षा सरळ. प्रबोध तर म्हणाला होता, सांगितलं नाहीस तर कोणाला कळणारही नाही.

कोणाला कळत नव्हतं, हे खरंच होतं. टाळूवर सतत एक प्लास्टिकची ताटली चिकटवल्यासारखं वाटतं, वरणाला चव राहत नाही, लाळ सुटते, मध्येच उमासा येतो, आणि या सगळ्याखाली ताज्या जखमा ठसठसत असतात, हे बाहेरून दिसत नव्हतं.

आठवड्यापूर्वी ती डॉक्टरांकडे जाऊन भांडूनही आली होती. दुखणं असह्य झालं म्हणून दोन दिवस कवळी काढून ठेवली होती, आणि डबीत घालून ती घेऊन गेली. डॉक्टर लिम यांनी आरसा फिरवून तोंड तपासलं.

"आता कुठे लाल दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी आदल्या दिवसापासून घालून या. म्हणजे नेमकी कुठे रुतते ते मला दिसेल आणि तिथेच घासता येईल."

"दुखतं म्हणून मी काढली, आणि तुम्ही म्हणता, दुखवून घेऊन या?"

"हो. सॉरी. पण दुसरा मार्ग नाही. अंदाजाने घासली तर सैल होईल."

तिशीतली, शांत आवाजाची बाई. तिच्या त्या शांतपणाचाच मेधाला राग आला. पुढची वेळ न घेता ती तिथून निघून आली होती.

त्या दिवशी उपमा कचऱ्यात टाकून मेधा ऑफिसला गेली. तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत ती कम्प्लायन्समध्ये होती. नव्या लोकांना संशयास्पद व्यवहार कसे ओळखायचे ते शिकवणं हे तिचं खास काम. म्हणजे दर दोन वाक्यांनंतर 'सस्पिशस ट्रान्झॅक्शन्स'. दात काढल्यापासून ते दोन शब्द तिचे वैरी झाले होते. प्रत्येक 'स'ला कवळीच्या मागून बारीक शिटी वाजायची.

सकाळच्या मीटिंगमध्ये तिने पुढच्या सेशनची रूपरेषा सांगितली. चौथ्या की पाचव्या शिटीला टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका मुलीने खाली बघून ओठ आवळले. मेधाने ते पाहिलं. तिने बोलणं थांबवलं नाही, पण आवाज चढला, आणि आवाज चढल्यावर शिटीही चढली.

मीटिंग संपल्यावर तिची बॉस जॅनिस तिला बाजूला घेऊन गेली.

"मेधा, पुढचं सेशन रोहन घेईल. तोपर्यंत तू जरा आराम कर."

रोहन दोन वर्षांपूर्वी मुंबईहून आला होता. त्याला हे काम मेधाने शिकवलं होतं.

"तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत?"

"तुला बरं वाटेपर्यंत. माझ्या आजोबांनाही सुरुवातीला फार त्रास झाला होता. मग सवय झाली त्यांना."

आजोबांना.  मेधा काहीतरी कडक बोलणार होती, पण जे बोलायचं होतं त्यात तीन 'स' होते. ती नुसती मान हलवून बाथरूममध्ये गेली, दाराला कडी लावली, कवळी काढली आणि तिच्याकडे बघत उभी राहिली. शेजारी कचऱ्याचा डबा होता. टाकायला एक क्षण पुरला असता. तिने ती टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकली, मास्क लावला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एमआरटी मेट्रोने घरी निघाली. वाटेत कोणाशी बोलायची वेळ आली नाही, हे त्या गाडीचं भाग्य.

घराचं दार तिने स्वतःच्या किल्लीने उघडलं. आत रेडिओवर हिंदी गाणी चालू होती. स्वयंपाकघरात दमयंतीबाई ओट्यापाशी उभ्या राहून जेवत होत्या, दाराकडे पाठ करून. थाळीत आमटी होती आणि तिच्यात कुस्करलेली पोळी. पाची बोटांनी त्या ती दाबत होत्या, पार लगदा होईपर्यंत. मग एक गोळा जिभेवर ठेवायचा, मान मागे टाकायची, गिळायचं, वर घोटभर पाणी. शेजारी स्टीलच्या वाटीत, पाण्यात, त्यांच्या दोन्ही कवळ्या होत्या.

मेधाने पर्स खाली ठेवली त्या आवाजाने त्या वळल्या. एकोणीस वर्षांत मेधाने सासूबाईंना दातांशिवाय कधी पाहिलं नव्हतं. नाक आणि हनुवटी एकमेकांजवळ आली होती. ती कोणी वेगळीच बाई वाटत होती. दमयंतीबाईंनी आमटीचा हात तसाच तोंडावर धरला.

"तू? आत्ता कशी आलीस?"

"आई, तुम्ही कवळी काढून जेवता?"

"आज जरा दुखतंय."

"आजच?"

त्यांनी वाटीकडे हात नेला. मेधाने वाटी उचलून मागे घेतली.

"दाखवा मला."

"काय दाखवू? मी काय बाजारातली घोडी आहे, दात बघायला?"

"दात नाही. हिरडी. दाखवा."

मेधाच्या आवाजात काहीतरी असलं पाहिजे. दमयंतीबाईंनी हात खाली घेतला आणि तोंड उघडलं. मेधाने फोनचा दिवा लावला. खालच्या हिरडीच्या कडेने मांसाची एक जाड घडी वाढली होती, आतल्या बाजूला दुसरा ओठ फुटल्यासारखी. तिच्या बुडाशी लालभडक रेघ होती आणि एका ठिकाणी पांढरट जखम.

"हे कधीपासून आहे?"

"आहे आपलं."

"कधीपासून, आई?"

"जखम येते, जाते. ते मांस वाढत गेलं हळूहळू. दुखणं म्हणशील तर पहिल्यापासून."

मेधाने दिवा बंद केला. तोंडात कवळी नव्हती, ते ती विसरली. शब्द फसफसत बाहेर पडले, पण पडले.

"तीन आठवडे तुम्ही मला सांगताय सवय होते म्हणून. तुम्हाला झालेली नाही. एक दिवस झालेली नाही. मी रोज सकाळी तुमच्याकडे बघून स्वतःला शिव्या देत होते, की या वयात यांना जमलं आणि मीच रडी आहे. का खोटं बोललात?"

"मग काय सांगायचं होतं? नाही होत सवय, असं? तुझे दात परत येणार होते त्याने?"

"खरं सांगायचं होतं."

"मला कोणी सांगितलं होतं खरं?" दमयंतीबाईंनी नळ सोडून हात धुतले, इतके जोरात की पाणी ओट्यावर उडालं. "नणंदेच्या मुलाचं लग्न होतं. चार दात पडलेले, बाकीचे किडलेले. तुझे सासरे म्हणाले, सगळेच काढून टाक, फोटोत बरं दिसेल. मी हो म्हटलं. मलाही वाटलं, सुटेन एकदाची. वरची बसली कशीबशी. खालची पहिल्या दिवसापासून बसली नाही. बोलायला लागले की उचलायची, चावायला लागले की रुतायची. तीनदा गेले डॉक्टरकडे. तिसऱ्या वेळी तो माझ्याशी बोललाच नाही. ह्यांच्याकडे बघून म्हणाला, मॅडम जरा हळव्या आहेत, त्यांना मन घट्ट करायला सांगा. रिक्षात हे म्हणाले, जग घालतं कवळी, तुलाच काय होतंय? त्यानंतर मी बोलले नाही."

"आणि शाळेत? शिकवायचात कशा?"

"जिभेने दाबून धरायची. 'स' म्हणताना जीभ सुटते, म्हणून 'स' टाळायचे. 'श' जमायचा कसाबसा. सह्याद्री म्हणायची सोय नव्हती. पाच-सहा वर्षं मी पोरांना पश्चिम घाटच शिकवला."

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मेधाला हसू आलं असतं. तिने ओट्याच्या कडेवर हात टेकला. सगळ्यांना वाढून मग जेवणारी आई. तिला लग्नानंतरचे सगळे दिवाळीचे फराळ आठवले, चकलीचं ताट पुढे सरकवून 'तुम्ही घ्या रे' म्हणत उठणाऱ्या सासूबाई आठवल्या.

"म्हणून तुम्ही आमच्याबरोबर जेवत नाही."

"चारचौघांत अशी जेवू?" त्या थाळीकडे बोट दाखवून म्हणाल्या. मग त्यांनी वाटी हातात घेतली आणि पाठ फिरवून दोन्ही कवळ्या बसवल्या. वळल्या तेव्हा नेहमीच्या दमयंतीबाई होत्या. "प्रबोधला सांगू नकोस."

मेधाने सांगितलं. त्याच संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर, इराच्या देखत. तिला थांबायचंच नव्हतं. दमयंतीबाई वाढत होत्या. त्यांनी भाताचा चमचा भांड्यात तसाच सोडला.

"आई, हे खरं आहे?" प्रबोधने विचारलं. "तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?" मेधा म्हणाली.

"मी काय विचारणार? ती म्हणायची मला भूक नाही, मी नंतर जेवते."

"आणि तू मित्रांना सांगायचास, आमची आई कशी जुन्या वळणाची. मला सांगायचास, आईकडून शीक. काय शिकू? पोळीचा लगदा करून गिळायला शिकू?"

"मेधा, तुला दुखतंय म्हणून तू आज सगळ्यांवर..."

"हो. मला दुखतंय. मी सगळ्यांवर चिडले आहे. दुखतंय म्हणून चिडले, यात चूक काय आहे? घरात तीन आठवडे एक माणूस जेवू शकत नाही, आणि तुला त्यावर एकच वाक्य येतं."

"बंद करा," दमयंतीबाई म्हणाल्या. आवाज वर्गात चालला असता असा होता.  "माझ्या तोंडाची चर्चा जेवणाच्या टेबलावर नको. मेधा, तुला नको म्हटलं होतं ना मी?"

त्या आपल्या खोलीत गेल्या. त्यानंतरचे दोन दिवस त्या मेधाशी बोलल्या नाहीत. चहा झाला तर कप तिच्यासमोर ठेवायच्या, पण नजर खिडकीबाहेर. प्रबोध दोघींमधून वाट काढत वावरत होता. एकदा तो मेधाला हळूच म्हणाला, की आईचं वय बघता आता तिला त्रास द्यायचा का, इतकी वर्षं निभावलंच ना तिने. मेधाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वाक्य तिथेच सोडलं आणि इस्त्रीला लागला.

त्या दोन दिवसांत मेधाने कवळी काढली नाही, फक्त झोपताना सोडून. डॉक्टर लिम यांच्याकडे तिने फोन करून शनिवारची वेळ घेतली आणि आदल्या दिवशी ऑफिसमध्ये, गाडीत, जेवताना, सगळीकडे ती घालून राहिली. डाव्या बाजूला जीभ लावली की चटका बसायचा. मिठाच्या पाण्याने गुळण्या करत ती मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालत होती. डॉक्टर, जॅनिस, जॅनिसचे आजोबा, स्वतःचे वडील, प्रबोध. सासरे जाऊन खूप वर्षं झाली होती, त्यांनाही तिने सोडलं नाही.

शनिवारी ती निघाली तेव्हा दमयंतीबाई साडी नेसून दारात उभ्या होत्या.

"तुझ्या सोबतीला येते," त्या म्हणाल्या. "माझं काही दाखवायचं नाहीये."

क्लिनिक ब्लॉकखालच्या दुकानांच्या रांगेत होतं, एका बाजूला बेकरी, दुसऱ्या बाजूला चष्म्याचं दुकान. डॉक्टर लिम यांनी मेधाचं तोंड पाहिलं आणि लगेच म्हणाल्या, "हां. आता दिसतंय." कवळीच्या आतून त्यांनी पांढरी पेस्ट लावली, ती तोंडात बसवून दाबली आणि काढून मेधासमोर धरली. डाव्या कडेला एका जागी पेस्ट पार निघून गेली होती, खालचं गुलाबी प्लास्टिक उघडं पडलं होतं.

"इथे सगळा भार येतोय. आणि इथे, मागे, थोडा."

त्यांनी बारीक यंत्राने तेवढीच जागा घासली, पुन्हा पेस्ट, पुन्हा बसवणं, पुन्हा घासणं. बराच वेळ हे चाललं. शेवटी मेधाने दात मिटून पाहिले. जखम होती तिथे ती दुखतच होती, पण तिच्यात काही घुसत नव्हतं. पायातला काटा निघाल्यावर पाय दुखतो तसं दुखत होतं.

"हिरड्या अजून आकसतील," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे ही सैल होईल, नवीन जागा दुखेल. तेव्हा यायचं. सहन करायचं नाही. काही महिन्यांनी आतून नवा थर देऊन पक्की बसवू."

"गेल्या वेळी तुम्ही असं म्हणाला नव्हतात."

"म्हणाले होते. पण तुमचं ऐकण्यासारखी अवस्था नव्हती," डॉक्टर लिम म्हणाल्या. "आणि मीही घाईत होते. तुम्हाला बाहेर बसवून, एक तास कवळी घालायला सांगून पुन्हा तपासायला हवं होतं."

मेधाला हे अपेक्षित नव्हतं. खुर्चीतून उतरून तिने दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या दमयंतीबाईंकडे पाहिलं. "माझ्या सासूबाईंनाही बघाल?"

"मेधा," दमयंतीबाई मराठीत म्हणाल्या, "मी काय सांगितलं होतं?"

"बसू नका. आपण जाऊ घरी. तुम्ही आमटीत पोळी कुस्करा, मी प्रबोधला सांगते आईला भूक नाही."

दमयंतीबाईंचा चेहरा लाल झाला. मेधाला वाटलं त्या आता उठून निघून जातील. त्या उठल्या, पर्स मेधाच्या हातात जवळजवळ आपटली आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

डॉक्टर लिम यांनी खालची कवळी काढली, मांसाची ती घडी बोटाने हलकेच उचलून पाहिली, जखमेभोवती दाबून पाहिलं. मग त्या मेधाकडे वळून इंग्रजीत सांगू लागल्या, की यांची खालची कवळी...

"टॉक टू मी," खुर्चीतून आवाज आला. दात नसल्यामुळे शब्द ओले आणि बोबडे होते, पण स्पष्ट होते. "इट इज माय माउथ. आय वॉज अ टीचर. टॉक टू मी."

डॉक्टर लिम यांनी माफी मागितली, स्टूल ओढून त्या दमयंतीबाईंच्या समोर बसल्या आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून त्यांना सांगितलं. कवळीची कड फार लांब आहे आणि बैठक चुकलेली आहे. ती सतत घासत राहिली म्हणून हे मांस वाढलं. खालची कवळी काही आठवडे पूर्ण बंद ठेवायची. तेवढ्यानेही घडी आक्रसली नाही तर ती छोटी शस्त्रक्रिया करून काढावी लागेल. जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तिचा तुकडा तपासायला पाठवायचा, कारण इतक्या जुन्या जखमेवर नुसता भरवसा ठेवून चालत नाही. मग नवी कवळी.

दमयंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "ही कवळी कधीतरी नीट बसत होती का?" त्यांनी विचारलं.

"आता खात्रीने सांगता येणार नाही. हाडही झिजलंय. पण तुम्ही म्हणता पहिल्या दिवसापासून दुखत होतं, तर मला वाटतं, नाही."

"म्हणजे सवयीचा प्रश्न नव्हता."

"नाही. कवळीचा होता."

बाहेर आल्यावर दमयंतीबाई चालेचनात. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबल होतं, दोन म्हातारे तिथे पट खेळत बसले होते. शेजारच्या बाकावर त्या बसल्या. तोंडात खालची कवळी नव्हती, हनुवटी आत गेली होती, आणि त्यांनी ती झाकली नाही.

"मन घट्ट करा म्हणे," त्या म्हणाल्या. "मेला तो डॉक्टर कुठे असेल आता? जिवंत तरी असेल का? आणि हे. हे तर गेले. कोणाला जाऊन सांगू मी? ऊस किती आवडायचा मला. दाणे. खरपूस भाकरी. माहेरी हुरड्याला गेले, सगळे खात होते आणि मी पाणी वाटत होते. सगळे म्हणाले, दमयंती किती करते सगळ्यांचं."

त्या रडत नव्हत्या. दोन्ही हात मांडीवर मुठी करून ठेवले होते आणि पटाकडे बघत त्या एकेक आठवून सांगत होत्या, एकेक लग्न, एकेक जेवण, कोण काय म्हणालं. मेधा शेजारी बसून राहिली. सांत्वनाचं काही बोलावं असं तिच्या मनात आलं नाही. मधूनच ती 'नालायक माणूस' एवढंच म्हणत होती, आणि दमयंतीबाई मान हलवून पुढे सांगत होत्या. खेळणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकाने या दोघींकडे पाहिलं आणि मग परत पटात लक्ष घातलं.

जखम दोन आठवड्यांत भरली. घडी बरीच आक्रसली, उरलेली काढावी लागली. तोपर्यंत दमयंतीबाई खालच्या दातांशिवाय घरात वावरल्या, खाली बाजारात गेल्या, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी बोलल्या. जेवायला त्या सगळ्यांच्या बरोबर बसायला लागल्या, मऊ भात आणि वरण घेऊन. पहिल्या दिवशी प्रबोधची नजर वारंवार त्यांच्या तोंडाकडे जात होती. इरा मात्र म्हणाली, "आजी, यू लुक क्यूट लाह," आणि दमयंतीबाई तिला म्हणाल्या, की क्यूट नाही, भूक लागलीये, दही दे.

एकदा प्रबोधचा मित्र निशिकांत आणि त्याची बायको जेवायला येणार होते. प्रबोध आईच्या खोलीच्या दारात घुटमळला.

"आई, तेवढ्यापुरती जुनी खालची घालतेस का? दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"नाही."

"मी आपलं तुला ऑकवर्ड वाटू नये म्हणून..."

"मला नाही वाटत. तुला वाटतंय. तुझ्या वडिलांनाही वाटायचं."

 प्रबोधने जाऊन डाळ कुकरला लावली, आईला खाता यावं म्हणून अंमळ जास्त शिट्ट्या केल्या. मेधाने ते पाहिलं. तिचा त्याच्यावरचा राग तेवढ्याने संपला नाही.

बोलण्याच्या सरावाचं मात्र दमयंतीबाईंनी मनावर घेतलं. मेधा ऑफिसमधून आली की त्या तिला सोफ्यावर बसवून मराठी वर्तमानपत्र फोनवरून मोठ्याने वाचायला लावायच्या.

"जीभ कुठे आहे तुझी? दातांना लावू नकोस. मागे. परत वाच."

"आई, मी दिवसभर दमून आले आहे."

"मग दमून वाच. 'समितीच्या सदस्यांनी सांगितले'. म्हण."

दोघी एकमेकींवर खेकसत. कधी मेधा फोन सोफ्यावर टाकून उठून जाई. पण दुसऱ्या दिवशी परत बसे. अधूनमधून नवी जागा दुखायची, ती आदल्या दिवसापासून कवळी घालून डॉक्टरांकडे जायची, तेवढी जागा घासून घ्यायची, परत यायची. महिन्याभरात तिला पोळी चावता आली, लहान तुकडे करून, दोन्ही बाजूंनी. वरणाची चव मात्र पहिल्यासारखी लागेना. ती तशी कधी लागणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं, आणि त्याचा राग यायचा तेव्हा ती तो येऊ द्यायची.

एका सोमवारी ती जॅनिसच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, की पुढचं सेशन ती घेणार. जॅनिसने विचारलं, तुला नक्की बरं वाटतंय का? मेधा म्हणाली, बरं वाटायची मी वाट बघत बसले नाहीये, काम माझं आहे. रोहनला तिने स्वतः सांगितलं. त्याने सुटकेचा श्वास टाकला, कारण त्याला चाळीस लोकांसमोर बोलायची भीती वाटत होती, आणि त्याला कोणी विचारलंच नव्हतं. सेशनमध्ये 'सस्पिशस'ला दोनदा शिटी वाजली. मागे कोणीतरी हसलं. मेधाने थांबून त्या दिशेने पाहिलं, हसू विरेपर्यंत पाहिलं, आणि पुढची स्लाइड लावली.

दमयंतीबाईंची नवी कवळी त्यानंतर आली. पहिल्या दिवशी ठीक होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मेधा घरूनच काम करत होती, तेव्हा तिला बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज ऐकू आला. त्या फोनवर होत्या. इंग्रजी सावकाश, एकेक शब्द सुटा, फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं.

"नो. नॉट नेक्स्ट वीक. इट इज हर्टिंग ऑन द राइट साइड. आय अॅम वेअरिंग इट सिन्स यस्टर्डे, सो डॉक्टर कॅन सी." मग पलीकडचं ऐकत त्या थांबल्या. "देन आय विल कम अँड सिट. यू कॉल मी व्हेन शी इज फ्री."

फोन ठेवून त्या चपला घालू लागल्या. मेधा बाहेर आली.

"मी येऊ का?"

"कशाला? तुझं काम कर," दमयंतीबाई म्हणाल्या, आणि छत्री घेऊन निघाल्या.